ब्रेकातलं तेल

जुना जालना
६ सप्टेंबर २०२५

आत्या,

पाया पडते. काल फोनवर मी घसा फोडून सांगत होते आणि तू नुसतं "आँ? आँ?" करत होतीस. तुझ्या दुकानासमोरच्या ट्रकांचे हॉर्नच मला जास्त ऐकू आले. म्हणून लिहून वाटूरच्या गाडीच्या कंडक्टरकाकांकडे देतेय. तूही तसंच कर.

आत्या, साडेआठशे रुपये! एका बाटलीला! बाटली केवढी, तर खोकल्याच्या औषधाची असते तेवढी. माझ्या सायकलच्या ब्रेकात भरायचं तेल आहे ते. मागच्या वर्षी सायकल क्लबातल्या मुलांनी चारशेला आणलं होतं. दुकानदार म्हणाला, "पुण्याहून मागवावं लागतं, भरायची मजुरी वेगळी." आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यात घरचं महिन्याचं गोडेतेल येऊन वर उरतं.

तुला माहीतच आहे, १२ ऑक्टोबरला संभाजीनगरला डोंगरी सायकल शर्यतीची निवड आहे. पहिल्या तिघींना राज्य स्पर्धेला पाठवणार. या वयोगटातलं माझं हे शेवटचं वर्ष. सायकल क्लबनं वापरायला दिलीय, पण दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. आणि ब्रेकचा लिव्हर आता हँडलला टेकायला लागलाय. टायरचे पैसे पप्पांनी धान्याच्या दुकानातून पगारावर उचल घेऊन दिले. आता पुन्हा कोणत्या तोंडानं मागू?

तू बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतेस. स्वस्तातलं दुसरं काही चालतं का गं?

तुझी
तृप्ती


वाटूर फाटा
९ सप्टेंबर

तृप्ते,

सायकलच्या ब्रेकात तेल? पोरी, डोकं ठिकाणावर आहे ना? मी दोनदा वाचलं, मंग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. अगं, चेनला तेल, बेअरिंगला ग्रीस अन् ब्रेकला काहीच न्हाई, हे तुझे मामा, माझे मालक, गेल्यापासून मी एकटी या फाट्यावर लोकायला सांगून राह्यले. ब्रेकला तेल लागलं की सायकल थांबत न्हाई. अन् तू म्हणतीस, ब्रेकात तेल भरायचंय, तेही साडेआठशेचं!

शेवटी पत्र घेऊन शेजारच्या सलीमभाईकडं गेले. तो ट्रॅक्टरची कामं करतो. आधी तो पोट धरून हसला. मंग काडीनं जमिनीवर चित्र काढून समजावलं. लिव्हर दाबला की नळीतलं तेल ढकललं जातं, ते तेल पुढं पॅडला ढकलतं, अन् पॅड चाकाच्या लोखंडी डिस्कला धरतात. तेल आतल्या आत बंद, डिस्क बाहेर कोरडी ठाक. म्हणजे ट्रॅक्टरचीच गत, सायकलला बसवलेली. मला तर चक्कर यायची बाकी होती. बावीस वर्षं सायकलवाली म्हणून मिरवले अन् सायकल कुठल्या कुठं गेली!

मोटारसायकलचं ब्रेकतेल नव्वद रुपयाला मिळतं. मी लगेच आणायला निघाले होते, सलीमभाईनं हात धरून बसवलं. म्हणला, "आपा, जल्दी नको. याचं तेल त्याच्यात गेलं तर आतलं रबर फुगतं, ब्रेक जाम होतो न्हाईतर सुटतो." तेव्हा लिव्हरच्या टोपणावर काय लिहिलंय ते बराबर बघून कळव. तोवर काही म्हणजे काही ओतू नको.

दैवशाला आत्या


जुना जालना
१४ सप्टेंबर

आत्या,

टोपणावर लिहिलंय, फक्त मिनरल ऑइल. बरं झालं सलीमचाचांनी तुला अडवलं.

आणि ऐक, आणखी एक धक्का. काल दुसऱ्या दुकानात विचारलं तर नऊशे ऐंशी! आठ दिवसांत एवढं? मी म्हटलं, "काका, परवा तर साडेआठशे होतं." ते म्हणाले, "परवा घ्यायचं होतं मग." मला रडावं की हसावं कळेना. क्लबातले एक डॉक्टर भरताना अर्धी बाटली फरशीवर सांडतात, वर म्हणतात, दुसरी उघडा. एकानं घरचं गोडेतेल भरून पाहिलं, तर आत सगळं चिकट झालं आणि ब्रेकच टाकून द्यावा लागला.

आई म्हणते, फाट्यावरच्या सायकलवालीला विचारून काय होणार. तुझं नाव घेत नाही ती अजून. मामा गेल्यावर तू माहेरी यायचं सोडून दुकानात बसलीस, ते तिच्या मनातून जातच नाही. माझी शर्यतही तिला पसंत नाही. पण रोज पहाटे माझ्याआधी उठून दूध तापवून ठेवते, आणि मी परत येईपर्यंत दारात उभी असते.

काही सुचलं का?

तृप्ती


वाटूर फाटा
२२ सप्टेंबर

तृप्ते,

आज घट बसले. सोबत पिशवी पाठवलीय, जपून उघड. आत एक बाटली, दोन सिरिंज अन् बारीक नळी आहे.

बाटली मेडिकलातली आहे. लिक्विड पॅराफिन म्हणतात त्याला. म्हणजे तेही मिनरल ऑइलच, पोट साफ व्हायला देतात. मी काउंटरवर गेले अन् पावशेर मागितलं, तर दुकानातली पोरगी डोळे मोठे करून म्हणली, "मावशी, किती दिवसांपासून होत न्हाई?" मागं दहा माणसं उभी! मी म्हणलं, "मला रोज होतं गं बाई, सायकलला न्हाई होत." सगळा फाटा हसून राह्यला. एकशे दहा रुपये खर्च आला.

अशीच कशी पाठवीन? सलीमभाईनं जालन्याच्या भंगारातून तसलाच एक ब्रेक आणून दिला. त्यात हे तेल भरून पाच दिवस उन्हात ठेवला, दिवसाला शंभरदा लिव्हर दाबला. रबर फुगलं न्हाई, एक थेंब गळला न्हाई. तरी सांगते, हे तेल कंपनीचं न्हाई. सरावाला चालेल. लांब, मोठ्या उताराला ते तापल्यावर कसं वागेल, याची खात्री मी देत न्हाई. शर्यतीच्या आधी खरं तेल भरायचंच. त्याचे निम्मे पैसे मी देईन, तुझ्या पप्पाला सांगू नको.

भरायचं कसं ते मागच्या कागदावर आहे. आतला बुडबुडा अन् बुडबुडा बाहेर काढ. पहिला आठवडाभर ब्रेक थोडा मऊ, कमी-जास्त लागेल, घाबरू नको.

आत्या


जुना जालना
२९ सप्टेंबर

आत्या, आत्या, आत्या!

धरला! असा धरला की परवा मी हँडलवरून पुढे जाता जाता राहिले. लिव्हर एकदम कडक. क्लबातल्या पोरांना सांगितलंच नाही कशाचं तेल आहे ते, नाहीतर जन्मभर चिडवतील.

आईनं पण लिव्हर दाबून पाहिला. चार वेळा दाबला. मग म्हणाली, "थांबली म्हणजे झालं बाई." तुझं नाव नाही घेतलं, पण पिशवी घडी करून ठेवली आणि म्हणाली, ही वाटूरला परत जायला पाहिजे.

दसऱ्याला पहाटे घाणेवाडीच्या तलावाकडे जाणार आहे, तिथला उतार घ्यायचाय. मग आठवडाभर विश्रांती, खरं तेल आणि १२ तारीख!

तृप्ती


वाटूर फाटा
४ ऑक्टोबर

तृप्ती,

तुझा हात कसा आहे? आधी तेवढंच कळव. दुसऱ्या कोणाकडून लिहून घे, पण कळव.

काल दुपारी बाराला तुझा पप्पा, आमचा दादा, टेंपो घेऊन आल्ता. मला वाटलं, दसऱ्याचं सोनं द्यायला आला. मी पदर सावरून हसत पुढं गेले. त्यानं सायकल टेंपोतून माझ्या दारात फेकली. फेकली गं, भांड्यासारखी. चाक किती वेळ गरगर फिरत होतं. म्हणला, "हे घे तुझं जुलाबाचं औषध! पोरीचं गळ्याजवळचं हाड मोडलंस, मनगट मोडलंस. चार पैसे वाचवायला माझी पोरगी मारायला निघालीस?" दोन एसट्या थांबल्या होत्या. चहावाल्यासमोर चाळीस माणसं असतील. मी इतकंच विचारलं, "कशी पडली?" तर तो म्हणला, "विचारतीस वर?"

पोरी, मी काय घातलं गं तुझ्या ब्रेकात? बाटलीवरचं कालपासून दहादा वाचलं. त्या भंगारच्या ब्रेकात तर ते अजून तसंच आहे. तुझी सायकल दारात पडून आहे. तिला हात लावायची हिंमत होत न्हाई मला.

आत्या


जुना जालना
९ ऑक्टोबर

आत्या,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर लाव कसंतरी.

उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, मनगटाला प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, तीन महिने सायकलचं नाव काढायचं नाही. १२ तारीख गेली, आत्या. गेली. मी मोठ्यानं रडतसुद्धा नाही, कारण मी रडले की आई भिंतीकडे तोंड करून बसते.

झालं ते सांगते. पहाटे निघाले. तलावापर्यंत रस्ता सपाट, ब्रेक लावायची वेळच आली नाही. एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा दाबला, तर धरला नाही नीट. पण तू लिहिलं होतंस की आठवडाभर कमी-जास्त लागेल, म्हणून वाटलं तसंच असेल. उतारावर दोन्ही लिव्हर दाबले. लिव्हर कडक होते गं, पण सायकल थांबतच नव्हती! नुसती घसरत, पळत होती. वळणावरच्या दगडांच्या ढिगात गेले. पुढचं आठवत नाही.

पप्पांना मी सांगितलं, आत्याचा दोष नसेल. त्यांनी ऐकलं नाही. तू आता इकडे येऊ नकोस.

तृप्ती


वाटूर फाटा
१४ ऑक्टोबर

तृप्ते,

तू लिहिलंस, लिव्हर कडक होते. त्या एका शब्दानं मी उठले. तेल गेलं असतं तर लिव्हर मऊ पडला असता. मंग थांबली का न्हाई?

सलीमभाईला बोलावलं अन् त्याच्यासमोर सायकल उघडली. आतलं तेल काढून काचेच्या ग्लासात घेतलं. पाण्यासारखं स्वच्छ. रबर जसंच्या तसं. एक थेंब कुठं गळलेला न्हाई. मंग चाक उचलून फिरवलं अन् लिव्हर करकचून दाबला. चाक फिरतच राह्यलं! मी डिस्कवरून अंगठा फिरवला तर सुर्रकन सरकला. नाकाशी नेला. खोबरेल! दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी, चांगलं चोपडून लावलेलं. डिस्कच्या भोकाभोकात हळदीकुंकू चिकटून वाळलेलं. पॅड तर तेल पिऊन काळेशार झालेत, ते आता जन्मात धरायचे न्हाईत.

नऊशे ऐंशीचं तेल भरलं असतं तरी तू पडलीच असतीस, पोरी.

खांडेनवमीला तुमच्या घरात सायकल कोणी पुजली? खरं लिही. माझ्या दुकानापुढून शाळेच्या पोरी आता सायकल हातात धरून निघून जातात, पंक्चर असलं तरी. हेडमास्तरांनी शाळेच्या वीस सायकलींचं काम काढून घेतलं. फाट्यावर मला बघून लोकं बोलायचं थांबतात. तरी मला आधी खरं पाहिजे.

आत्या


जुना जालना
१८ ऑक्टोबर

आत्या,

मीच केली पूजा. मीच तेल लावलं. चमकावी म्हणून. माझाच वेडेपणा. तुला एवढं सोसावं लागलं, मला माफ कर. पप्पांना मी सांगेन, पण आत्ता नको. दिवाळी होऊ दे. कृपा करून आत्ता कुणाला काही बोलू नकोस.

तृप्ती


वाटूर फाटा
२४ ऑक्टोबर

तृप्ते,

खोटं. साफ खोटं. क्लबाच्या सायकलीवर दोन वर्षं बसणारी पोरगी डिस्कला खोबरेल चोपडीन? मला इतकी भोळी समजतीस?

मी हे तुला लिहिणार नव्हते, पण ऐक. पुढच्या दांड्यावर कुंकवाच्या पाच टिकल्या आहेत. मधली मोठी, दोन्हीकडं दोन-दोन बारीक, प्रत्येकीवर अक्षता. अशा टिकल्या आपल्या घरात एकच बाई लावते. माझ्या लग्नात रुखवताच्या एकूण एक भांड्याला तिनंच लावल्या होत्या. मी तेव्हा तिला विचारलं, "वहिनी, मधली मोठी का?" ती म्हणली, "मधली घराची, बाकीच्या माणसांच्या."

ती तुझी शर्यत नको म्हणते अन् लपून तुझी सायकल पुजते. तू पडू नयेस म्हणूनच लावलं असणार तिनं. दरवर्षी पाटा-वरवंट्याला, विळ्याला, शिलाई मशिनीला लावतो तसंच. तिला काय ठाऊक डिस्क कोरडी लागते? मला तरी कुठं ठाऊक होतं सप्टेंबरपर्यंत? तिला कळलं की तिच्याच हातानं तू पडलीस, तर ती बाई जेवणार न्हाई, झोपणार न्हाई, खंगून जाईल.

राग न्हाई असं म्हणणार न्हाई मी. राग येतो! बावीस वर्षं ज्या हाताला लोकं मानत होती, त्या हाताकडं आता कोणी बघत न्हाई. पण तुझ्या आईला उघडं पाडून मला माझं नाव नको. अन् माझीही एक चूक आहेच. "कमी-जास्त लागेल, घाबरू नको" हे मी लिहिलं नसतं तर कुत्रं आडवं आलं तेव्हाच तू खाली उतरली असतीस.

तेव्हा कोणाला काही सांगू नको. सलीमभाईकडून मी शपथ घेतलीय. महिनाअखेर दुकान बंद करते. पाने, पंप, ट्यूबचं सामान त्यालाच देऊन टाकीन. कापूस वेचायला चालले तरी एका जिवाचं भागतं. हे पत्र वाच अन् फाडून टाक.

आत्या


वाटूर फाटा
३१ ऑक्टोबर

तृप्ते,

सांगितलेलं एक ऐकशील तर शपथ! तुझ्या एका हातानं पाकीट फुटेना अन् तू ते तुझ्या आईच्या हातात दिलंस? तिनं उभ्याउभ्या वाचलं म्हणे, अन् तू हिसकून घेईपर्यंत शेवटाला पोचली होती. हे मला तिच्याच तोंडून कळलं. तू कळवायचं तरी होतंस. माझं काळीज बंद पडलं असतं आज.

अकराच्या गाडीतून उतरली. मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होते. वर बघते तर वहिनी! बावीस वर्षांत या दुकानाची पायरी चढली न्हाई ती बाई. मी घमेलं सोडून उभी राह्यले. ती माझ्याकडं आली न्हाई. चहावाल्यासमोर, दादा जिथं उभा राहून बोलला होता ना, बराबर तिथंच जाऊन उभी राह्यली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. परक्या माणसापुढं कधी आवाज न काढणारी ती. मंग एकदम ओरडलीच.

"ऐका हो सगळे! माझ्या मालकानं इथं या बाईला बोल लावला. या बाईचं तेल चांगलं होतं. ब्रेकला खोबरेल मी चोपडलं. मी! माझी लेक माझ्या हातानं पडली!"

एसटीचा ड्रायव्हर गाडी सुरू करायचं विसरला. चहावाल्याच्या हातातला चहा उतू गेला. मी धावले, "वहिनी, वहिनी, बस्स करा" म्हणत. तर ती माझ्या पायाशी वाकली! थोरली वहिनी माझ्या पाया पडून राह्यली, तृप्ते! मी तिला दोन्ही दंडांना धरून वर ओढलं, तर माझ्या काळ्या हाताची दहा बोटं तिच्या चांगल्या साडीवर उमटली.

दुकानात बसवलं. पाणी दिलं. मी म्हणलं, "कशाला आलात? मी कोणाला सांगणार नव्हते." ती म्हणली, "म्हणूनच आले, दैवशालाबाई. तुम्ही सांगितलं असतं तर मी भांडले असते." मंग म्हणली, "मी त्यांनाही सांगितलं सकाळी. ते तेव्हापासून ओट्यावर बसून आहेत." दादा येईल तेव्हा येईल. मी वाट बघणार न्हाई, असं मनाला सांगून राह्यले, पण बघतेच आहे.

जाताना म्हणली, "मला ती डिस्क दाखवा." मी दाखवली. तिनं बोट लावायला हात पुढं केला, अन् तसाच मागं घेतला. साडीला पुसला, परत पुसला, मंग मागंच बांधून ठेवला. तुझ्या आईचे हात गं ते, पहाटे दूध तापवणारे. माझ्याच्यानं बघवलं न्हाई. मी तिचा हात ओढून घेतला, स्पिरिटचा बोळा तिच्या बोटात दिला अन् म्हणलं, "पुसा. तुम्हीच पुसा." ती पुसत राह्यली. एक डिस्क, मंग दुसरी. खसाखसा, रडत रडत, दीडची गाडी गेली तरी पुसत राह्यली. मी शेजारी बसून नवे पॅड बसवत होते.

दुकान उद्या उघडं आहे.

आत्या